बाळंतपणाची तरतूद : माहेरच्या माजघरापासून सूतिकागृहापर्यंत

संसाराच्या जमाखर्चांत येणारे मोठे खर्च बहुधा दोन प्रकारचे असतात. कांहीं खर्च न सांगतां दाराशीं येऊन उभे राहतात. आजार, अपघात, नोकरीवरील गंडांतर हे त्या जातीचे. कांहीं खर्च घरधन्याच्या सोयीनें पुढेंमागें ढकलतां येतात. घराची डागडुजी, दागदागिना, यात्रा हे दुसऱ्या जातीचे. बाळंतपणाचा खर्च या दोहोंतही बसत नाहीं. तो पुढें ढकलतां येत नाहीं, पण त्याची वर्दी मात्र सात-आठ महिने अगोदर मिळालेली असते. इतकी लांब मुदत देऊन येणारा मोठा खर्च संसारांत दुसरा क्वचितच असेल. आणि तरीही ऐन वेळीं हातउसने पैसे काढण्याची किंवा सोनाराच्या दुकानाची पायरी चढण्याची पाळी ज्या प्रसंगीं येते, त्यांत बाळंतपणाचा क्रमांक बराच वरचा आहे. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर हिशेबाच्या वहींत जितकें सांपडतें, त्याहून अधिक इतिहासांत सांपडतें.

हा इतिहास पाहण्यास वसई-विरारचा टापू फार सोयीचा आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, एवढ्या पट्ट्यांत वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी, ख्रिस्ती बागायतदार व डोंगरपायथ्याचे आदिवासी अशीं नाना प्रकारचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं. मुंबई फार दूर नव्हती, परंतु मध्यें खाडी होती. त्यामुळें शहराच्या नव्या चाली येथें उशिरानें पोंचल्या. पुढें आगगाडी आली आणि मुंबईचीं इस्पितळें कांहीं तासांच्या अंतरावर आलीं. माजघरांतील बाळंतपण व इस्पितळांतील बाळंतपण या दोन्ही व्यवस्था या एकाच टापूंत एकीपाठोपाठ एक नांदलेल्या दिसतात, आणि त्यांची तुलना करणें त्यामुळें सोपें जातें.

जुन्या घरांत पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें, असा सर्वसाधारण रिवाज होता. सातव्या महिन्याच्या सुमारास मुलगी माहेरीं येई आणि मूल सव्वा महिन्याचें, कित्येकदां तीन महिन्यांचें होईपर्यंत तेथेंच राही. तिच्या येण्यापूर्वींच घरांत तयारी सुरू झालेली असे. जुनीं मऊ लुगडीं धुऊन त्यांचीं दुपटीं शिवलीं जात. कुंची, टोपरें, झबलीं यांची जमवाजमव होई. ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक, अळीव, सुंठ, गूळ, खोबरें हे जिन्नस डब्यांत भरून ठेवले जात. शेगडीसाठीं कोळसा आणि न्हाणीच्या चुलीसाठीं सरपण रचून ठेवलें जाई. बाळंतिणीची खोली सारवून सज्ज केली जाई. वसईच्या बागायती घरांत भात, नारळ, केळीं व दूधदुभतें घरचेंच असे. तेव्हां यांपैकीं विकत घ्यावयाचे जिन्नस मोजकेच असत.

ओटीभरण, डोहाळजेवण आणि बाळंतविडा यांकडे केवळ हौस म्हणून पाहणें बरोबर होणार नाहीं. त्यांत एक व्यवहारही होता. मावशीनें तूप आणावें, आत्यानें अंगडें-टोपरें शिवावें, शेजारणीनें डिंकाचे लाडू वळून द्यावे, अशा रीतीनें एका घरावर पडणारा भार दहा घरांत वांटला जाई. आणि आज ज्याच्या घरीं दिलें, त्याच्या घरून उद्यां तें परत येई. त्यास कागद नव्हता व सहीही नव्हती, पण ती एक प्रकारची भिशीच होती. नामकरण कोणाकडे बारशास होई, कोणाकडे बाप्तिस्म्यास होई. परंतु भार वांटून घेण्याची ही रीत धर्माधर्मांच्या भिंती ओलांडून सर्वत्र एकसारखी दिसे.

सुईणीचा मोबदलाही बहुधा वस्तुरूपानेंच दिला जाई. लुगडें किंवा चोळीचा खण, सुपांत घातलेले तांदूळ, नारळ आणि वर एखादें नाणें, असें त्याचें सामान्य स्वरूप असे. नाळ कापण्यापासून बाळ-बाळंतिणीस तेल लावून न्हाऊं घालण्यापर्यंत तिचें काम कित्येक दिवस चाले. मुलगा झाला तर तिला अधिक मिळे आणि मुलगी झाली तर कमी मिळे. समाजाच्या मनांतील पक्षपात तिच्या सुपांतही उतरत असे.

म्हणून जुनें बाळंतपण फुकट होत असे, हा समज चुकीचा आहे. मुलीचें चार-पांच महिन्यांचें खाणेंपिणें, तिच्या आईचे अहोरात्र कष्ट, घरचें दूधतूप, सरपण आणि सासरीं तिच्या हातच्या कामाचा पडलेला खंड, ही सारी खर्चाचीच कलमें होत. फरक एवढाच कीं, तीं रुपये-आणे-पै यांच्या रकान्यांत उतरत नसत. आणि तीं बहुतेक स्त्रियांच्या श्रमांतून फेडलीं जात असल्यामुळें घरांतील पुरुषांना त्यांचा पत्ताही क्वचितच लागे. जें वहींत चढत नाहीं तें खर्चच नव्हे, असें मानण्याची संवय येथून लागली, आणि पुढें पैशाचा काळ आल्यावर हीच संवय महागांत पडली.

या जुन्या व्यवस्थेचा मोठा गुण असा कीं, जें होणार हें ठाऊक होतें, त्याची तरतूद ती चोख करीत असे. तिचा मोठा दोष असा कीं, जें होईल न होईल, त्याची तरतूद तिच्यापाशीं मुळींच नव्हती. मूल आडवें आलें, वार पडली नाहीं, रक्तस्राव थांबेना किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशीं बाळंतिणीला ताप भरला, म्हणजे सुईणीचे उपाय संपत, आणि देवाला नवस व अंगारा एवढेंच उरे. नाळ कापण्यास विळा, कोयता जें हातीं लागेल तें वापरलें जाई, आणि त्यांतून बाळाला धनुर्वात होई. हा रोग जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास डोकें वर काढतो. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाईचें पूजन करून घरानें जागें राहावें, या रूढीच्या मुळाशीं त्या दिवसांचें हेंच भय असावें, असें म्हणण्यास जागा आहे. डिंकाचे लाडू डब्यांत भरलेले राहत आणि ते खाण्यास बाळंतीण उरत नसे, असा प्रसंग न पाहिलेलें घर त्या काळीं विरळाच असेल.

ठाणें जिल्ह्यांतच, वसईहून फार दूर नसलेल्या कल्याण येथें १८६५ सालीं जन्मलेल्या एका मुलीनें हें दुःख भोगलें आणि त्याचें कारण शोधण्यासाठीं ती साता समुद्रांपलीकडे गेली. आनंदीबाई जोशी अवघ्या चौदा वर्षांच्या असतांना त्यांना मूल झालें व तें दहा दिवसांत दगावलें. पुढें त्या अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत शिकल्या आणि १८८६ सालीं पदवीधर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८७ च्या फेब्रुवारींत पुणें येथें त्यांचा अंत झाला. त्यांना स्वतःला या विद्येचा उपयोग देशभगिनींसाठीं करतां आला नाहीं. परंतु बाळंतपणांतील मृत्यु हें दैव नसून अज्ञानाचें व अव्यवस्थेचें फळ आहे, ही गोष्ट त्यांच्या उदाहरणानें महाराष्ट्रापुढें उभी राहिली.

युरोपांतही ही गोष्ट उमगून फार काळ लोटला नव्हता. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरानें असें दाखवून दिलें होतें कीं, तपासणाऱ्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतले, तर सूतिकाज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें घटतात. तोंपर्यंत तेथील प्रसूतिगृहें घरापेक्षां अधिक धोक्याचीं होतीं. त्याचें म्हणणें त्याच्या हयातींत बहुतेकांनीं मानलें नाहीं. १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातल्यावर हळूहळू तें सर्वमान्य झालें. इस्पितळांत जाण्याविषयीं आपल्याकडील लोकांना वाटणारी भीति म्हणजे निव्वळ अडाणीपणा नव्हे, हें यावरून श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

त्याच १८६७ सालीं, १२ एप्रिल रोजीं, विरार ते मुंबईची बॅक बे अशी रोज एक गाडी बी. बी. सी. आय. रेल्वेनें सुरू केली. केळीं, नागवेलीचीं पानें, भाजी व फुलें यांना मुंबईची पेठ सांपडली आणि बागाइतदाराच्या हातांत रोख पैसा खेळूं लागला. वस्तूंच्या देवघेवीची जागा पैसा घेऊं लागला, तशी बचतीची व कर्जाची नवी साधनेंही निघालीं. १९१८ सालीं वसईंत कॅथलिक समाजाची सहकारी पतपेढी स्थापन झाली, तिचीच पुढें बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. ज्या वाटेनें केळीं मुंबईस गेलीं, त्याच वाटेनें पुढें अडलेल्या बाळंतिणीही जाऊं लागल्या.

मुंबईंत स्त्रियांसाठीं स्वतंत्र इस्पितळ उभें राहिलें तें लोकांच्या दानांतून. जॉर्ज किट्रेज नांवाचे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावे म्हणून फंड उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं लाखाहून अधिक रुपये दिले. १८८३ सालीं इमारतीचा पाया घातला गेला आणि १८८६ सालीं कामा इस्पितळ सुरू झालें. तेथील पहिल्या प्रमुख एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर होत्या. लंडन येथें वैद्यकीचें शिक्षण संपवून परत आलेल्या डॉक्टर रखमाबाई यांनींही आपल्या सेवेचा आरंभ याच इस्पितळांत केला. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड निघाला; स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुईणी तयार करणें हें त्याचें उद्दिष्ट होतें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं मध्यमवर्गांतील स्त्रिया परिचारिकेचें व सुईणीचें शिक्षण घेऊं लागल्या. सोवळ्या घरांतील विधवेनें परक्या घरच्या बाळंतिणीची शुश्रूषा करावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

या पहिल्या काळांत इस्पितळांतील बाळंतपणाचा भार मुख्यतः दानशूरांच्या थैलीवर होता. परिणामीं एक चमत्कारिक समजूत रूढ झाली : इस्पितळांत जावयाचें तें गरिबांनीं किंवा ज्यांना माहेर नाहीं अशांनीं, खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनीं डॉक्टरला घरीं बोलवावें. वसईसारख्या गांवीं डॉक्टर घरीं येणें म्हणजे फी, गाडीभाडें व औषध अशीं तीन कलमें एकदम येत, आणि तो येईपर्यंत बाई थकून गेलेली असे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाचें इस्पितळ वसईंत आहे. अशा देणग्यांनींच मुंबईबाहेरच्या गांवांना आधार दिला. परंतु दान हें दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. त्यावर कोणाचा हक्क पोंचत नाहीं. हक्काचा प्रश्न पुढें आला तो गिरणगांवांत.

गिरणींत काम करणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणांत सर्वांत मोठें कलम डॉक्टरचें नव्हतें, सुईणीचेंही नव्हतें. तें बुडालेल्या मजुरीचें होतें. पोटाला मिळत नाहीं म्हणून ती नवव्या महिन्यापर्यंत मागावर उभी राही आणि तान्हें मूल घरीं टाकून लवकर कामावर परते. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक बालमृत्यु झाले. हा आंकडा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठीं कोंकणांत व देशावर आपल्या गांवीं जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल मुंबईंत आणल्यावर दगावे. त्यामुळें प्रमाण फुगलें होतें. तथापि ही सूट दिली, तरी उरणारें सत्य भयंकरच आहे.

१९२४ सालीं ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें विधेयक मांडलें, तें मंजूर झालें नाहीं. पुढें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रा. स. आसवले यांनीं तसेंच विधेयक आणलें. १९२८ च्या जुलै महिन्यांत त्यावर बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं प्रश्नाचें मूळ नेमकें दाखविलें. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून त्याचा बराचसा भार वस्तुतः सरकारनें उचलावयास हवा. परंतु जो मालक तिच्या श्रमांतून लाभ घेतो, त्यानेंही त्यांतील वांटा देणें न्याय्य आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत हा कायदा झाला आणि हिंदुस्थानांतील या जातीचा तो पहिला कायदा ठरला.

त्या कायद्यानें दररोज आठ आणे या दरानें, अधिकांत अधिक सात आठवड्यांचा भत्ता ठरविला. एकोणपन्नास दिवसांचे साडेचोवीस रुपये होतात. ही रक्कम मोठी नव्हती. परंतु बाळंतपण हा केवळ एका घराचा खाजगी खर्च नाहीं, हें तत्त्व या साडेचोवीस रुपयांनीं प्रथम कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें, हें त्यांचें खरें मोल आहे. याच सुमारास, १९२६ सालीं, परळच्या गिरणवस्तींत नवरोसजी वाडिया सूतिकागृह सुरू झालें. भत्ता व सूतिकागृह यांची अशी जोड मिळाल्यावर कामगार स्त्रीला इस्पितळाचा दरवाजा खऱ्या अर्थानें उघडला.

तथापि वसईची भाजीवाली, टोपली घेऊन बाजारास जाणारी कोळीण आणि परक्याच्या शेतावर राबणारी आदिवासी स्त्री या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. त्यांना मालक नव्हता, किंवा असला तरी त्याच्याकडे हजेरीपट नव्हता. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत पोंचली आणि मुंबई आणखी जवळ आली. परंतु स्टेशनपासून चार कोस आंत डोंगरपायथ्याच्या पाड्यावर राहणाऱ्या बाईला त्या विजेचा काय उपयोग? १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालानें देशाचें चित्र मांडलें : दर हजार जन्मांमागें सुमारें वीस मातांचा मृत्यु, आणि वर्षाकांठीं सुमारें दोन लाख स्त्रिया गर्भारपण व बाळंतपण यांतील कारणांनीं मरतात.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची व योजनांची मालिकाच सुरू झाली. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ पासून तो प्रत्यक्षांत येऊं लागला. १९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्यांत बारा आठवड्यांचें वेतन मिळालें, आणि मालकानें मोफत वैद्यकीय मदत दिली नाहीं तर त्याऐवजीं पंचवीस रुपये द्यावे, असें ठरलें. या एका लहानशा कलमाची पुढची हकीकत बोधप्रद आहे. पंचवीसाचे अडीचशें होण्यास १९८९ साल उजाडलें. २००८ सालीं हजार रुपये झाले आणि २०११ सालीं साडेतीन हजार. तब्बल २८ वर्षें कायद्याच्या मतें बाळंतपणाच्या औषधोपचाराची किंमत पंचवीस रुपयेच राहिली. महागाई मात्र कायदेमंडळाच्या बैठकीची वाट पाहत थांबली नाहीं. ठरीव रकमेच्या मदतीवर सर्व भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबानें हा इतिहास विसरूं नये. २०१७ सालीं भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, परंतु तीही नोकरदार स्त्रीपुरतीच.

ज्यांना मालक नव्हता, त्यांच्याकडे सरकारचें लक्ष अधिक गेलें तें २००५ सालीं. त्या वर्षीं निघालेल्या जननी सुरक्षा योजनेनें गरीब स्त्रीनें संस्थेंत बाळंत व्हावें म्हणून तिच्या हातांत रोख रक्कम ठेवण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रांत खेड्यांत ती सातशें रुपये व शहरांत सहाशें रुपये ठरली. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, आणि सरकारी संस्थेंतील बाळंतपण, मग तें शस्त्रक्रियेनें झालें तरी, औषधें, तपासण्या, रक्त, जाण्या-येण्याची गाडी, तसेंच साध्या प्रसूतीस तीन दिवसांचें व शस्त्रक्रियेस सात दिवसांचें जेवण यांसह मोफत ठरलें. जुन्या व्यवस्थेला जें कधींच साधलें नव्हतें, त्या अकल्पित संकटाची तरतूद येथें प्रथमच सर्वांसाठीं कागदावर आली.

फळ दिसल्यावांचून राहिलें नाहीं. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा सुमारें ६५ बाळंतपणें दवाखान्यांत झालीं होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण शेंकडा ९५ च्या आसपास गेलें. मातामृत्यूचें प्रमाण भोर समितीच्या काळीं लाखामागें सुमारें दोन हजार होतें. २०१८-२० मध्यें तें देशांत ९७ व महाराष्ट्रांत ३३ इतकें खालीं आलें. बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचें देशांतून निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. सटवाईच्या रात्रींचें जुनें भय अशा रीतीनें शमलें. हें यश स्वस्तांत आलेलें नाहीं, आणि त्याची किंमत मोजण्यास कोणी कुरकुर करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकवस्ती १२ लाखांवर गेलेली आढळली. २०१४ सालीं हा टापू नव्या पालघर जिल्ह्यांत आला. बागांच्या जागीं इमारती उठल्या, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ना माजघर उरलें ना न्हाणीची चूल. माहेर दूर गेलें, किंवा आईच नोकरीवर जाऊं लागली. वस्तूंनीं भरणारें जुनें फडताळ असें रिकामें झालें, आणि त्याची जागा खाजगी प्रसूतिगृहाच्या बिलानें घेतली. परंतु फडताळ भरण्याची जी सात महिन्यांची शिस्त होती, ती मात्र पैशाच्या व्यवहारांत आलीच नाहीं. डोहाळजेवणाचा थाट वाढला. त्यामागची भिशी नाहींशी झाली.

दुसरीही एक गोष्ट पालटली आहे. पूर्वीं जें अकल्पित होतें, तें आतां मोजतां येतें. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील चार बाळंतपणांपैकीं सुमारें एक शस्त्रक्रियेनें झालें. चारांत एकदां घडणाऱ्या गोष्टीला अकस्मात म्हणणें हें हिशेबाच्या दृष्टीनें चूक आहे. म्हणून शहाण्या गृहस्थानें बाळंतपणाच्या तरतुदीचे दोन कप्पे करावे. पहिल्या कप्प्यांत ठाऊक असलेलीं कलमें : महिनोमहिन्याच्या तपासण्या, सोनोग्राफी, औषधें, खोलीचें भाडें, प्रसूतीची फी, बाळाचीं लसें व कपडे, बाळंतिणीचा आहार, मदतीस येणाऱ्या बाईचा पगार आणि रजेच्या काळांत बुडणारी मिळकत. दुसऱ्या कप्प्यांत होईल न होईल तीं कलमें : शस्त्रक्रिया, रक्त, बाळास कांचेच्या पेटींत ठेवावें लागल्यास त्याचा रोजचा आकार, आणि मोठ्या इस्पितळांत हलवावें लागल्यास गाडी. प्रसूतिगृह ठरवितांना एकच आंकडा विचारून भागत नाहीं. त्यांत काय धरलें आहे व काय वगळलें आहे, शस्त्रक्रियेचा दर कोणता, अनामत किती, हें लेखी मागून घ्यावें. विमा असल्यास त्याच्या अटीही आधींच वाचाव्या. कारण कित्येक विम्यांत बाळंतपणाचा लाभ ठराविक मुदत लोटल्यावरच मिळूं लागतो, आणि लग्नानंतर घाईनें घेतलेला विमा पहिल्या खेपेस उपयोगी पडत नाहीं. सरकारी संस्थेंतील मोफत सोयीचा मार्ग हा कमीपणाचा नव्हे. साडेचोवीस रुपयांपासून मिळवीत आणलेला तो हक्क आहे.

हा सारा आटापिटा पैसे वांचविण्यासाठीं नाहीं. १९९४ सालीं सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं मातांच्या मृत्यूंचा विचार करून असें मांडलें कीं, बाळंतीण दगावते ती बहुधा तीन विलंबांमुळें : मदत घेण्याचा निर्णय उशिरां होतो, इस्पितळापर्यंत पोंचण्यास उशीर होतो, आणि तेथें पोंचल्यावर उपचार मिळण्यास उशीर होतो. यांतील पहिल्या विलंबाच्या मुळाशीं पुष्कळदां घरांतील एकच वाक्य असतें : “आधीं पैशांची सोय बघूं.” रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला पैशांची सोय होईपर्यंत थांबतां येत नाहीं. दुसऱ्या कप्प्यांतील पैसा अगोदर बाजूस ठेवलेला असेल, तर तें वाक्य उच्चारण्याची वेळच येत नाहीं.

माजघरांतील त्या जुन्या आजीला शस्त्रक्रिया ठाऊक नव्हती, रक्तपेढी ठाऊक नव्हती. परंतु सातव्या महिन्यांत डबे भरून ठेवावयाचे, एवढें तिला पक्कें ठाऊक होतें. तिची ती शिस्त आणि आजच्या इस्पितळाचें सामर्थ्य या दोहोंचा मेळ ज्या घरीं बसेल, त्या घरीं बाळाचें पहिलें रडणें ऐकतांना कोणाच्याही मनांत बिलाची धास्ती असणार नाहीं.